थिकली : जाड, दाट की जड?

मॅसॅच्युसेट्सहून आलेल्या एका पत्रातून 'थिकली' हा इंग्रजी शब्द माझ्यासमोर आला. मग जुन्या पत्रांचा गठ्ठा सोडला, तर याच शब्दावरचे आणि त्याच्या आसपासचे आणखी प्रश्न त्यात निघाले. म्हणून या महिन्याचं सगळं सदर 'थिकली' आणि तिच्या गोतावळ्याला दिलं आहे.

प्रश्न : ताई, नमस्कार. सध्या मी लेकाकडे अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्स राज्यात आले आहे. इथे गावागावांत रस्त्याच्या कडेला 'थिकली सेटल्ड' अशी पिवळी पाटी दिसते. मला 'थिक' म्हणजे जाड एवढंच ठाऊक. सूनबाई म्हणते, 'दाट वस्ती'. पण ताई, दाट वस्ती आहे कुठे? दोन घरांच्या मधल्या हिरवळीत आमच्या पेठेतला अख्खा वाडा मावेल. मग ही पाटी नेमकं काय सांगते? — एक वाचक, मूळ सातारा

उत्तर : काकू, सूनबाईंचा अर्थ बरोबर आहे आणि तुमची शंकाही रास्त आहे. 'सेटल्ड' म्हणजे वसलेलं, 'थिकली सेटल्ड' म्हणजे दाट वसलेलं. फक्त ही दाटी आपल्या डोळ्यांनी मोजायची नाही, ती त्या राज्याच्या मोटार कायद्याने मोजायची.

त्या कायद्यात 'थिकली सेटल्ड' भागाची व्याख्याच दिली आहे. रस्त्यालगतची राहती घरं एकमेकांपासून सरासरी २०० फुटांपेक्षा कमी अंतरावर असतील आणि ही स्थिती किमान पाव मैल टिकत असेल, तर तो भाग दाट वस्तीचा. २०० फूट म्हणजे साधारण ६१ मीटर, आणि पाव मैल म्हणजे सुमारे ४०० मीटर. थोडक्यात, चारशे मीटरच्या पट्ट्यात सहा-सात घरं असली तरी कायद्याच्या लेखी दाटी झाली. साताऱ्याच्या पेठेतून गेलेल्या माणसाला ती विरळ वाटणारच. दुकानं आणि व्यवसायांच्या इमारतींनी भरलेला रस्ताही कायदा याच गटात धरतो.

आता पाटी कशासाठी? वेगासाठी. जिथे वेगाचा वेगळा फलक नाही अशा दाट वस्तीच्या रस्त्यावर वेग ताशी ३० मैल, म्हणजे सुमारे ४८ किलोमीटर, एवढाच वाजवी धरला जातो. त्याहून जास्त वेग एक अष्टमांश मैलाहून लांब टिकला, तर तो गैरवाजवी मानला जातो. २०१६ पासून तिथल्या गावांना आणि शहरांना हा आकडा २५ वर आणण्याची मुभा मिळाली आणि बॉस्टनने जानेवारी २०१७ पासून ती वापरली. पाटीवर मात्र यातला एकही आकडा नसतो. ज्याला कायदा माहीत आहे त्यालाच ती वाचता येते. तुम्ही गाडी चालवत नसलात तरी लेकाला विचारून बघा, हा आकडा त्याला पाठ असायला हवा.

मला या पाटीचं अप्रूप वेगळ्या कारणासाठी आहे. आजच्या इंग्रजीत एखादा अधिकारी अशी पाटी नव्याने लिहायला बसला, तर तो 'डेन्सली पॉप्युलेटेड एरिया' लिहील किंवा 'रेसिडेन्शियल' लिहून मोकळा होईल. 'थिकली सेटल्ड' ही जुनी बोली आहे. माणसं येऊन वसली, घराला घर लागलं, ही क्रिया त्यात अजून ऐकू येते. आपल्याकडे 'पुढे गाव आहे, वाहने सावकाश हाका' अशी पाटी असते. तिच्यातल्या 'हाका' या शब्दात बैलगाडी जशी शिल्लक आहे, तसंच हे. पाटीचा मराठी अर्थ नातवंडांना सांगायचा झाला तर 'दाट वस्ती, सावकाश' असा सांगा. 'जाड वस्ती' कोणीच म्हणणार नाही, पण त्या निमित्ताने एक गोष्ट पक्की होते : 'थिक'चा एक अर्थ जाडी, आणि दुसरा, तितकाच जुना अर्थ, जवळजवळ असणं. भिंत जाड असते, वस्ती दाट असते. इंग्रजीने दोन्हींना एकच शब्द दिला आहे, मराठीने दोन.

प्रश्न : मी एका इंग्रजी कथेचा अनुवाद करते आहे. बाप मुलीला स्टेशनवर निरोप देतो तिथे मूळ वाक्य 'ही सेड थिकली' असं आहे. मी 'तो जाड आवाजात म्हणाला' असं लिहिलं. मैत्रिणीने 'घट्ट आवाजात' सुचवलं. दोन्ही खटकतात. पुढे त्याच कथेत दारू प्यायलेला शेजारीही 'थिकली'च बोलतो. दोघांना एकच शब्द कसा वापरू? — एक अनुवादक, नांदेड

उत्तर : दोघांना एकच शब्द वापरू नका. या उत्तरातलं बाकी सगळं विसरलात तरी एवढं लक्षात ठेवा.

'थिकली' बोलणं म्हणजे कानाला कसं ऐकू येतं याचं वर्णन आहे. घसा किंवा जीभ जड झाली आहे, अक्षरं सुटी सुटी न येता एकमेकांना चिकटून येत आहेत, एवढंच इंग्रजी शब्द सांगतो. कारण सांगत नाही. ते वाचकाने प्रसंगावरून ओळखायचं. मराठी असं करत नाही. मराठी आधी कारण धरते आणि त्यावरून शब्द निवडते. बापाचा गळा दाटून आलेला असतो. दारू प्यायलेल्याची जीभ जड झालेली असते. सर्दी झालेला नाकात बोलतो. झोपेतून उठवलेल्या माणसाच्या बोलण्यावर अजून झोप असते. दाताच्या डॉक्टरकडून सुई घेऊन आलेल्याचे शब्द ओठातून सांडतात. या सगळ्यांना इंग्रजी लेखक 'थिकली' म्हणून पुढे जाईल. तुम्हाला दर वेळी थांबून विचारावं लागेल, की हा माणूस असा का बोलतोय?

'जाड आवाज' का चालत नाही? कारण मराठीत तो आधीच दुसऱ्या कामाला लागलेला आहे. जाड आवाज म्हणजे खर्जातला, भरदार, थोडा खरबरीत आवाज. तमाशातल्या पाटलाचा आवाज जाड असतो, आणि तो पाटील रडत नसतो. 'घट्ट' तर वरणाला, गाठीला आणि मिठीला. तुमच्या बापाच्या तोंडी वाक्य असं ठेवून बघा : "'सांभाळून राहा.' एवढंच म्हणाला. गळा दाटून आला होता." क्रियाविशेषण गेलं, त्याच्या जागी एक छोटं वाक्य आलं, आणि काहीही हरवलं नाही. शेजाऱ्यासाठी : "'मी ठीक आहे,' तो म्हणाला, पण शब्द जिभेवरच घोटाळत होते."

इथे मला थोडं तळमळून बोलायचं आहे. अनुवादाची हस्तलिखितं मी तपासते, आणि त्यांत दिवसेंदिवस 'पणे'चं पीक वाढताना दिसतं. 'जाडपणे म्हणाला', 'घनपणे पसरलेले जंगल', 'दाटपणे वसलेलं शहर'. इंग्रजीत शेवटी 'ली' दिसली की मराठीत 'पणे' जोडायचं, असा कोणीतरी नियम शिकवल्यासारखं. शांतपणे, प्रामाणिकपणे, मोकळेपणाने हे शब्द रुळलेले आहेत, त्यांच्याशी भांडण नाही. पण हे काम मराठीत बहुतेक वेळा क्रियापद करतं किंवा त्याचं 'ऊन'चं रूप करतं : दाटून, भरून, ठासून, खच्चून, ओथंबून. आभाळ दाटून येतं. माणसं खच्चून भरलेली असतात. ही रूपं असताना 'दाटपणे' लिहिणं म्हणजे घरात भरलेली कणगी सोडून उसनं मागायला जाणं.

आता तुम्ही न विचारलेला, पण तुमच्या प्रश्नाच्या पोटात असलेला प्रश्न : दाट वस्तीला आणि दाटलेल्या गळ्याला इंग्रजीत एकच शब्द कसा आला? याचं उत्तर मला फार आवडतं.

शेक्सपिअरच्या 'हेन्री चौथा'च्या दुसऱ्या भागात, दुसऱ्या अंकातल्या तिसऱ्या प्रवेशात, लढाईत मारल्या गेलेल्या हॉटस्परची पत्नी त्याची आठवण काढते. ती म्हणते की 'स्पीकिंग थिक' हा त्याच्यातला निसर्गदत्त दोष होता, पण तो इतका शूर की तरुणांनी तो दोषच आपला ढंग करून टाकला. ज्यांना हळू आणि संथ बोलता यायचं, त्यांनीही त्याच्यासारखं दिसण्यासाठी आपलं चांगलं बोलणं बिघडवलं. इथे 'थिक'च्या विरुद्ध बाजूला काय ठेवलं आहे ते पाहा : हळू आणि संथ. म्हणजे 'स्पीकिंग थिक' याचा अर्थ तेव्हा भरभर बोलणं, शब्दावर शब्द पडेल असं बोलणं. 'सिंबेलिन' नाटकातली नायिका इमोजनही नोकराला घाईने विचारते तेव्हा 'स्पीक थिक' म्हणते. ती काही त्याला गळा दाटून बोल असं सांगत नाही. पटपट सांग, असं म्हणते. शब्द एकमेकांना लागून, मध्ये फट न ठेवता आले की ते 'थिक'. तुमच्या पाटीवरच्या घरांसारखेच— असं मी वरच्या काकूंना सांगेन.

पुढे हा अर्थ मागे पडला. फट नसलेले शब्द म्हणजे वेगळे न ऐकू येणारे शब्द, आणि वेगळे न ऐकू येणारे शब्द म्हणजे अस्पष्ट बोलणं. दाटीचा शब्द असा अस्पष्टतेचा झाला. त्याचा परिणाम रंगभूमीवरही झाला. जर्मन रंगभूमीवर हॉटस्परला अडखळत बोलणारा करण्याची परंपरा पडली. १९४५ साली लंडनच्या ओल्ड विक कंपनीच्या प्रयोगांत लॉरेन्स ऑलिव्हिए यांनीही तो अडखळणारा केला, आणि तो अडखळायचा 'डब्ल्यू' या अक्षरावर. पहिल्या भागात हॉटस्पर मरताना त्याचं शेवटचं वाक्य अर्धं राहतं आणि राजपुत्र ते 'वर्म्स' (किडे) या शब्दाने पुरं करतो. हा शब्द 'डब्ल्यू'नेच सुरू होतो. म्हणजे मरतानाही त्याला तोच शब्द उच्चारता येत नाही. नटाने काढलेली ही जागा विलक्षणच आहे. पण तिच्या मुळाशी एका शब्दाचा बदललेला अर्थ आहे, हे अनुवाद करणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात घ्यावं. जुन्या मजकुरातला 'थिक' आजच्या कानाने ऐकला, तर भरभर बोलणारा माणूस तोतरा होतो.

आणि आपल्याकडे? 'सद्गदित कंठ दाटो । येणें फुटो हृदय' असं तुकोबा विठ्ठलाकडे मागतात. सतराव्या शतकातला हा 'दाटो'. आभाळ दाटतं, गर्दी दाटते, धुकं दाटतं आणि कंठही दाटतो. इंग्रजीला दाटीकडून गळ्याकडे यायला जो वळसा पडला, तो मराठीत एका क्रियापदाने केव्हाच पार केला आहे. तुमच्या हातात इतकं चांगलं क्रियापद आहे, ते वापरा.

एक पुरवणी : कथेत कुठे 'थिकली अ‍ॅक्सेंटेड इंग्लिश' आलं, तर तिथे गळा नाही आणि जीभही नाही. तिथे हेल आहे. 'त्याच्या इंग्रजीवर गावाकडचा हेल ठसठशीत होता' असं लिहा.

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो. एका मुलीने इंग्रजीच्या पेपरात 'मुंबई इज थिकली पॉप्युलेटेड' लिहिलं. सहकाऱ्यांच्या मते 'डेन्सली'च बरोबर, म्हणून गुण कापावेत. आपलं मत? — एक शिक्षक, गडचिरोली जिल्हा

उत्तर : गुण कापू नका, सर. दोन्ही बरोबर आहेत. 'थिकली पॉप्युलेटेड' आणि त्याहून जुनं 'थिकली पीपल्ड' एकेकाळी इंग्रजीत सर्रास चालत असे. आज इंग्लंड-अमेरिकेत 'डेन्सली' जास्त ऐकू येतं, भारतीय इंग्रजीत 'थिकली' अजून ठाण मांडून आहे. जुनं म्हणजे चूक नव्हे, आणि मुलीला शब्द माहीत आहे यासाठी तिला गुण द्यायला हवेत.

पण वर्गात फरक समजावून सांगण्यासारखा आहे. 'थिक' हा इंग्रजीचा घरचा, जर्मानिक कुळातला शब्द. 'डेन्स' लॅटिनमधून आलेला. म्हणून जोड्याही तशाच लागतात : थिकलीच्या उलट थिनली, डेन्सलीच्या उलट स्पार्सली, आणि 'स्पार्स' हाही लॅटिन, विखुरणे या अर्थाच्या धातूपासून. 'थिकली' डोळ्यांना दिसतं ते सांगतं. 'डेन्सली'च्या मागे मोजमाप उभं असतं. लोकसंख्येची 'डेन्सिटी' असते, 'थिकनेस' नसते. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात दर चौरस किलोमीटरला ३६५ माणसं होती, मुंबईच्या दोन्ही जिल्ह्यांत २० हजारांच्या आसपास, आणि तुमच्या गडचिरोलीत ७४. मुलांना हे आकडे द्या आणि वाक्य करायला सांगा.

जंगलाचं उदाहरण तर तुमच्या शाळेच्या खिडकीबाहेरच आहे. लेखक 'थिकली वुडेड' म्हणेल आणि थांबेल. देहरादूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था मात्र वरून झाडांच्या छत्राने किती जमीन झाकली आहे ते पाहते. ७० टक्के आणि त्याहून जास्त असेल तर अतिदाट, ४० ते ७० मध्यम दाट, १० ते ४० विरळ, आणि त्याखाली झुडपी. इंग्रजीत त्यांनी यासाठी 'डेन्स' हाच शब्द घेतला आहे, 'थिक' नाही, आणि ते योग्यच. गडचिरोली असा जिल्हा आहे की त्याच्यासाठी 'थिनली पीपल्ड, थिकली वुडेड' हे एकच वाक्य पुरेल. दोन्ही शब्द एका ओळीत, एकमेकांच्या विरुद्ध, आणि दोन्ही खरे. फळ्यावर लिहायला याहून चांगलं वाक्य मला सुचत नाही.

विज्ञानाच्या तासाला मात्र 'थिक' आणि 'डेन्स' यांची अदलाबदल करू देऊ नका. गोडंतेल पाण्यापेक्षा दाट दिसतं, ओतताना सावकाश पडतं, पण ते पाण्यावर तरंगतं. म्हणजे त्याची घनता पाण्याहून कमी. मध दाटही आहे आणि घनही, म्हणून तळाशी जातो. इंग्रजीत मध 'थिकली' वाहतो असं म्हणता येतं, 'डेन्सली' वाहतो असं म्हणता येत नाही. मराठीत दाट आणि घन हे शब्द बोलताना एकमेकांच्या जागी बसतात, 'घनदाट'मध्ये तर जोडीने येतात, त्यामुळे इथे आपली मुलं हमखास गोंधळतात. काचेच्या ग्लासात पाणी, तेल आणि मध एकदा ओतून दाखवा, मग व्याख्या पाठ करून घ्यावी लागणार नाही.

प्रश्न : आंबोलीच्या सहलीवर निबंध लिहिताना मी 'द फॉग वॉज थिकली' असं लिहिलं. बाईंनी 'ली' खोडली. का? — एक विद्यार्थिनी, सावंतवाडी

उत्तर : कारण तिथे धुकं काही करत नाही, धुकं कसं आहे ते तू सांगते आहेस. 'वॉज'नंतर विशेषण येतं : 'द फॉग वॉज थिक'. धुक्याकडून काही करून घे, म्हणजे 'ली' परत येईल : 'द फॉग हंग थिकली ओव्हर द घाट'. आणि निबंधात घालायला एक माहिती. हवामान खातं धुकं 'दाट' केव्हा म्हणतं हे ठरलेलं आहे. समोरचं ५० ते २०० मीटरपर्यंतच दिसत असेल तर दाट, ५० मीटरही दिसत नसेल तर अतिदाट. पावसाळ्यात आंबोलीच्या घाटात पुढच्या एसटीचा लाल दिवा कुठपर्यंत दिसतो ते पाहिलंस, तर तुझं धुकं कोणत्या वर्गातलं हे तुला स्वतःलाच सांगता येईल.

प्रश्न : मी घरी ब्रेड करून विकते आणि पाककृती इंग्रजीतही लिहिते. 'स्लाइस द ब्रेड थिक' की 'थिकली'? आणि लोणी 'स्प्रेड थिकली' की 'थिक'? — एक वाचक, ठाणे

उत्तर : पहिल्या वाक्यात दोन्ही चालतं, तरी माझी पसंती 'थिक'ला. कापून झाल्यावर जो काप हातात येतो तो जाड असायला हवा, कापण्याची क्रिया नव्हे. 'थिक' कापाबद्दल बोलतं. लोण्याच्या बाबतीत छापील मजकुरात 'थिकली' ठेवा. आणि क्रियापदाचं विशेषण होऊन ते नामाच्या आधी आलं, तर 'ली' हवीच : 'थिकली स्लाइस्ड ब्रेड'. नाहीतर मध्ये छोटी रेघ देऊन 'थिक-स्लाइस्ड'.

'ली' नसलेलं रूप म्हणजे अडाणी इंग्रजी, असा समज आपल्याकडे फार पसरला आहे. तो काढून टाका. जुन्या इंग्रजीत या शब्दाचं क्रियाविशेषण 'ली' न लागताच होत असे, शेवटी फक्त एक 'ए' असायचा. काळाच्या ओघात तो झिजला आणि विशेषण व क्रियाविशेषण सारखंच दिसू लागलं. 'फास्ट' आणि 'हार्ड' हे याच वाटेने आले. 'थिक अँड फास्ट' या जोडशब्दात दोन्ही बिनशेपटीचे मित्र शेजारी बसलेले दिसतात. तक्रारी 'थिक अँड फास्ट' आल्या म्हणजे धडाधड आल्या, आणि इथे तो शेक्सपिअरचा दाटीचा अर्थ अजून जिवंत आहे. मराठीतही आपण 'कांदा बारीक चिर', 'पोळी जाड लाट', 'ती छान गाते' असंच म्हणतो. 'छानपणे गाते' म्हणत नाही.

स्वयंपाकघरातल्या मराठीसाठी मात्र जपून. इंग्रजी पाककृतीतल्या एका 'थिक'साठी आपल्याकडे पदार्थागणिक शब्द आहे. पेज दाट, वरण घट्ट, साय जाड, पाक पक्का किंवा तारी, रस्सा अंगाबरोबर. मराठी पाककृती लिहिताना सगळीकडे 'जाडसर' टाकलंत तर वाचणाऱ्या बाईंना रस्सा किती आटवायचा ते कळणार नाही.

प्रश्न : 'थ्रू अ ग्लास, डार्कली' या शब्दांत 'डार्कली' म्हणजे काळोखातून का? आणि 'ही हिंटेड डार्कली' मध्ये काळोख कुठून आला? — एक वाचक, वसई

उत्तर : तुमचा प्रश्न 'थिकली'च्या शेजारच्या घरातला आहे. 'थिकली' दाटीकडून अस्पष्टतेकडे गेली, 'डार्कली' अंधाराकडून अस्पष्टतेकडे.

ते शब्द १६११ साली छापलेल्या किंग जेम्स बायबलमधले, करिंथकरांस पहिले पत्र, तेराव्या अध्यायातलं बारावं वचन. 'ग्लास' म्हणजे इथे खिडकीची काच नव्हे, आरसा. आणि मूळ पत्र लिहिणाऱ्या पौलाच्या काळचे, म्हणजे पहिल्या शतकातले, आरसे घासून चकचकीत केलेल्या धातूचे असत, त्यांत चेहरा आजच्या काचेच्या आरशासारखा लख्ख दिसत नसे. मूळ ग्रीकमध्ये 'डार्कली'च्या जागी 'कोड्यात' अशा अर्थाचे शब्द आहेत, इंग्रजीतला 'एनिग्मा' ज्या शब्दापासून आला तोच तो शब्द. म्हणजे आता आपल्याला आरशात पुसट, कोड्यासारखं दिसतं, पुढे समोरासमोर दिसेल, असं पौल सांगतो आहे. काळोख त्यात नाही. मराठी बायबलातही 'अस्पष्ट' असाच अर्थ घेतला आहे, म्हणून मराठीत वाचणाऱ्याला तो इंग्रजी वाचणाऱ्यापेक्षा चटकन कळतो.

'ही हिंटेड डार्कली' हे आजचं इंग्रजी. यात अस्पष्टता आहेच, पण तिच्यात धमकी मिसळली आहे. माणूस काहीतरी वाईट घडेल असं सुचवतो आणि उघड बोलत नाही. 'त्याने सूचक बोलून दाखवलं' म्हटलं तर धमकी सुटते, 'त्याने धमकी दिली' म्हटलं तर आडपडदा सुटतो. 'गर्भित इशारा दिला' यात दोन्ही येतं. वर्तमानपत्री वाटत असेल तर संवादात मोकळं करा : "'बघू, किती दिवस टिकतोस ते,' तो म्हणाला, आणि पुढे बोलला नाही." खोली 'डार्कली लिट' असं मात्र लिहू नका. त्यासाठी इंग्रजीत 'डिमली लिट' आहे, आणि मराठीत मिणमिणता दिवा.